तण राखलेला वाफा

माझा वाफा कुणीतरी निंदून टाकला होता. थोडाथोडका नाही, साफ. सकाळी पावणेआठला मी कॉलेजच्या शेताच्या फाटकातून आत आले, बांधावरून नेहमीसारखी शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत गेले, आणि आपण भलत्याच शेतात शिरलो की काय असं वाटून परत मागे येऊन पाटी वाचली. पाटीवर माझंच नाव होतं. वाफा क्रमांक आठ, तण न काढलेला, सारिका. आणि पाटीच्या मागे कपाशीच्या पाच ओळी सुट्या सुट्या उभ्या, मधे काळी भुसभुशीत माती, मातीवर खुरप्याचे ताजे फटकारे, आणि गवताची काडी म्हणून नाही. काल दुपारी बारा वाजता मी हाच वाफा बघितला होता तेव्हा त्यात कपाशी हुडकावी लागत होती. बाजूचे सात वाफे जसेच्या तसे होते, त्यांना कुणी बोट लावलं नव्हतं. कुंपणापलीकडे धुळ्याच्या रस्त्यावर शाळेच्या रिक्षा हॉर्न वाजवत चालल्या होत्या, कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं, सगळं शहर आपापल्या कामाला लागलं होतं. मला मात्र वाटत होतं, पंचेचाळीस दिवस जीव लावून सांभाळलेलं चोरीला गेलंय, आणि चोरानं वर जाताना झाडूनही घेतलंय.

बाहेरच्या माणसाला यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. निंदलेलं शेत बघून कुणाला वाईट वाटतं? पण आमचा विषय तणांचा आहे. तण म्हणजे काय, ते कसं उगवतं, कसं पसरतं, आणि त्याला आवरायचं कसं, याची तोंडओळख. प्रात्यक्षिकासाठी महाजन सरांनी आमच्या तुकडीच्या आठ जणांना आठ वाफे दिले होते आणि सगळ्यांत एकाच दिवशी कपाशी लावली होती. कुणी तणनाशक फवारायचं, कुणी कोळपायचं, कुणी ओळींमधे पालापाचोळा अंथरायचा. आणि एकानं काहीच करायचं नाही. त्यानं तण वाढू द्यायचं, कारण बाकीच्यांनी किती तण मारलं ते त्याच्याशी ताडून काढायचं असतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा हा निकम्मा वाफा माझ्या वाट्याला आला आणि पोरं हसली. सारिकाला नुसतं बसायचंय, म्हणाली. पण आठव्या वाफ्याचा आकडा नसेल तर बाकी सात जणांच्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. पंचेचाळिसाव्या दिवसाची मोजणी सगळ्यांत महत्त्वाची, तीस गुणांची, आणि पंचेचाळिसावा दिवस आज होता. मागच्या वर्षीचा एक विषय माझ्या मानगुटीवर बसलेला आहेच. हाही गेला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्षाबरोबर वसतिगृहातली खाटही.

नुसतं बसायचंय! काहीच न करणं किती अवघड असतं ते माझ्या हातांना विचारा. पहिल्या पंधरवड्यात कपाशीशेजारी कुंजराची दोन पानं वर आली आणि माझा हात आपोआप खाली गेला. अंगठा आणि तर्जनी जुळली, मुळाशी पोचली, आणि मी स्वतःच्या हाताला दुसऱ्या हातानं धरून मागे ओढलं. आठव्या वर्षापासून जूनची शाळा भरेपर्यंत आणि नंतर दर रविवारी मी माझ्या मायबरोबर निंदणीला गेले आहे. दोंडाईच्याच्या आसपास असं एक शिवार नसेल जिथे आम्ही दोघी उकिडव्या बसून सरकलो नाही. केन्याचं कांडं तुटलं की येणारा ओलसर वास, दुधी गवताचा चीक बोटांना लागून धुळीनं काळा होतो तो, गाजरगवत मानेला घासलं की संध्याकाळपर्यंत सुटणारी खाज, हे सगळं मला अक्षरांच्या आधी येत होतं. पहिल्याच दिवशी मी गवत समजून कपाशीची तीन रोपं उपटली होती. माय रागावली नाही. तिनं ती तिन्ही माझ्या तळहातावर ठेवली आणि दुपारच्या भाकरीपर्यंत मूठ उघडू दिली नाही. मूठ उघडली तेव्हा रोपं शिजल्यासारखी झाली होती. तेव्हापासून माझी चूक झालेली नाही. आणि आता मी विसाव्या वर्षी वहीत लिहीत होते, तण म्हणजे नको त्या जागी उगवलेली वनस्पती. महाजन सर हे वाक्य बोलून थांबतात आणि चष्म्यावरून वर्गाकडे बघतात. दरवर्षी तिथेच थांबतात म्हणे. मला तेव्हा विचारावंसं वाटलं होतं, सर, नको कुणाला? कुंजराची भाजी आमच्याकडे लसणाची फोडणी देऊन खातात. पण मी विचारलं नाही. मी त्या वर्गात फारसं काही विचारतच नव्हते.

त्याला कारण कुंदन. कुंदन रावेरचा, घरी केळीच्या बागा, पोरगा वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. हातानं निंदण्याचा धडा चालू होता तेव्हा हा उभा राहून म्हणाला, "सर, निंदायच्या बाया म्हणजे नुसती डोकेदुखी. टेम्पो भरून आणा, चहा पाजा, आणि त्या वरवरचं ओरबाडून मोकळ्या. मुळं तशीच." वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण म्हणाले, "लव्हाळ्याच्या बाबतीत ते खरं आहे. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, वरची पात तुटते आणि आठ दिवसांत परत उगवतं. हाताच्या निंदणीनं लव्हाळा जात नाही. लिहून घ्या." मी लिहून घेतलं. टेम्पो हा शब्द मात्र कानात राहून गेला. टेम्पोच्या फाळक्याला धरून उभ्या असलेल्या बायांत डावीकडून तिसरी माझी माय, तिच्या कमरेला धरून मी, आणि दोघींच्या तोंडावर रुमाल. मधल्या सुट्टीत कुंदननं सहज विचारलं, तुझ्या घरी काय करतात गं? मी म्हणाले, आई घरची शेती बघते. आमच्या घराची शेती म्हणजे मागच्या दाराशी वाढलेला आघाडा. पण मी बोलून गेले, आणि एकदा बोललेलं मग रोज सांभाळावं लागतं, वाफ्यातल्या तणापेक्षा जास्त.

म्हणूनच काल ते झालं. काल माय आली होती. दोंडाईच्याहून सकाळच्या एसटीनं, पिशवीत ज्वारीच्या बिबड्या आणि कळण्याच्या भाकरी घेऊन. तिनं फाटकावरून फोन केला तेव्हा साडेबारा झाले होते आणि वर्गात माझ्या शेजारी बाकीची सात टाळकी उद्याच्या मोजणीसाठी लोखंडी चौकटी साफ करत बसली होती. तिचं नऊवारी लुगडं मला फोनमधून दिसलं. तळहातावरचे घट्टे दिसले. मी म्हणाले, माझा तास आहे, वेळ लागेल. तास नव्हता. ती म्हणाली, "लागू दे. मी बांधवर बसस. तू ये निवांत." मी निवांत गेले. सगळे पांगेपर्यंत थांबले, मग आणखी थोडी थांबले, ग्रंथालयात जाऊन कुठलंसं मासिक चाळलं. शेतावर पोचले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि माय फाटकाबाहेर निघून रिक्षाची वाट बघत उभी होती, कारण चारची एसटी चुकली असती तर बकरी उपाशी राहिली असती. आम्ही पाच मिनिटं बोललो असू. तिची नखं काळी होती, बोटांच्या पेरांवर हिरवे डाग होते, बिबड्या-भाकरी माझ्या हातात काढून दिल्यावरही पिशवी फुगलेलीच होती. मी बघितलं सगळं. विचारलं नाही. रिक्षात बसताना ती हसली आणि म्हणाली, "तुनं काम करी टाकं मी." मला वाटलं बिबड्यांबद्दल बोलतेय.

आता त्या बांधावर उभी राहून मला ते हसू परत दिसलं. खरं तर वाफ्यानं आधीच सांगितलं होतं, मीच ऐकत नव्हते. माझ्या पायांशी, ओळींच्या तोंडाला, उपटलेल्या गवताचे ढीग होते. प्रत्येक ओळीचा ढीग त्या ओळीच्याच तोंडाशी. निंदणीला गेलेली बाई आपल्या ओळीचं गवत कधी दुसरीच्या ढिगात टाकत नाही, कारण संध्याकाळी मालक येऊन कुणी किती काढलं ते ढिगावरून बघतो. आणि प्रत्येक ढीग परत वेगळा केलेला, एकीकडे बारीक गवत, एकीकडे रुंद पानांचं. केना मात्र मातीवर नाही, बांधाच्या दगडावर पसरलेला, कारण मातीला टेकला की तो पुन्हा मूळ धरतो. सगळ्यांची मुळं उन्हाकडे. जगात एवढ्या नेमानं गवत मांडणारी एकच बाई मला माहीत आहे. तीन तास ती या बांधावर बसली होती. तिच्या पोरीच्या नावाची पाटी एका जंगलासमोर रोवलेली होती. ती काय करणार होती? मला तिचा राग यायला हवा होता. आला तो माझा मलाच. मी साडेबाराला आले असते तर हे काहीच झालं नसतं.

तेवढ्यात राखणदार निंबा नाना लगबगीनं आले. चेहरा उतरलेला. "पोरी, तुनी मायनी इचारं, मनी पोरनं वावर कोनतं. मी दखाडं. खुरपं मांगं, ते बी दिनं. माले वाटनं तूच बलायेल शे तिले." नानांना दोन वर्षांत निवृत्ती आहे आणि त्यांना महाजन सरांची भीती वाटते, तशी ती सगळ्यांनाच वाटते. सर आलेच. पाठोपाठ सातजण, हातात चौकटी, वह्या, कागदी पिशव्या. सर वाफ्यापाशी आले, थांबले, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. लीलाधर महाजन या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही आणि आजही चढला नाही. "नोंद नाही तर प्रयोग नाही," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य आहे, पण नेहमी ते आम्हाला सावध करायला म्हणतात. आज संपलं म्हणून म्हणाले. कुंदनच्या हातातली चौकट खाली आली. "मग मी माझा आकडा कशाशी ताडू?" तो म्हणाला. "दोन वेळा फवारलंय मी." "कुणी केलं हे?" सरांनी विचारलं.

माझं तोंड उघडायच्या आत निंबा नाना पुढे झाले. "सर, काल लताबाईन्या बाया व्हत्यात आठे, वावरमा. त्यासनीच भूल करी व्हई." आणि माझ्याकडे असं बघितलं की बाई, आता गप्प राहा, दोघंही सुटू. सुटलोच असतो. लताबाई आणि तिच्या बाया कॉलेजच्या शेतावर रोजानं येतात, काल वरच्या तुकड्यात भुईमूग निंदत होत्या. त्यांना बोलणं बसलं असतं, कदाचित आठ दिवस बोलावलं नसतं, आणि सरांनी आम्हाला सहानुभूतीचे गुण दिले असते. कुंदन लगेच म्हणाला, "बघा, मी सांगतच होतो बायांचं." कुणी हसलं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर तो टेम्पो परत आला, फाळका, रुमाल, डावीकडून तिसरी. मला आठवलं की एकदा एका मालकानं हरवलेल्या दोरीचा आळ घेतला होता तेव्हा मायनं टेम्पोतून खाली उतरून सगळ्यांदेखत स्वतःचा पदर झटकून दाखवला होता. तेव्हा मला लाज वाटली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती लाज पदर झटकण्याची होती. आज कळलं, मी तिच्या शेजारी उतरून उभी राहिले नव्हते, त्याची होती. मी नानांच्या पुढे येऊन उभी राहिले. आणि मी बोलले. "लताबाईंनी नाही, सर. माझ्या आईनं निंदला. ती निंदायला जाते. रोजानं, टेम्पोतून. मीपण जायचे. काल मी तिला इथे तीन तास बसवून ठेवलं, कारण तुम्हा सगळ्यांना ती दिसायला नको होती."

असं बोलून झाल्यावर वीज पडायला हवी होती. पडली नाही. एक टिटवी ओरडत गेली. कुंदन आपल्या बुटांकडे बघत होता. आणि मला अंगातून काहीतरी उतरल्यासारखं इतकं हलकं वाटलं की पहिल्यांदाच मी त्या ढिगांकडे विद्यार्थिनीच्या डोळ्यांनी बघू शकले. आम्ही आज काय करणार होतो? लोखंडी चौकट वाफ्यात दोनदा फेकायची, चौकटीत येईल तेवढं तण मुळासकट उपटायचं, जातवार वेगळं करायचं, मोजायचं, आणि त्यावरून अख्ख्या वाफ्याचा अंदाज बांधायचा. मायनं काय केलं होतं? अख्खा वाफा मुळासकट उपटला होता, वेगळा केला होता, ओळवार मांडला होता. "सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "नोंद आहे. ही काय इथे पडलीय. मोजायची तेवढी राहिलीय." सर पहिल्या ओळीच्या ढिगापाशी बसले. उकिडवे बसायची त्यांना सवय नाही, गुडघा वाजला. त्यांनी एक काडी उचलली, मूळ बघितलं, दुसरी उचलली. मग लव्हाळ्याच्या जुडीवर त्यांचा हात थांबला. पात, तिच्याखाली गाठ, गाठीखाली दोऱ्यासारखं मूळ, त्याला दुसरी गाठ, तिसरी. कुठेही न तुटता. ती साखळी त्यांनी उन्हात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. "वह्या काढा," ते म्हणाले.

आम्ही आठ जण पाच ओळींवर बसलो. साडेनऊचं ऊन मानेवर चढलं होतं आणि मला ते ऊन ओळखीचं वाटत होतं. कुंदनला बसताच येईना, शेवटी त्यानं मांडी घातली आणि नवी पँट मातीत घातली. "हे कोणतं?" तो मला दर मिनिटाला विचारत होता. मी पुस्तकातलं नाव सांगत होते, मग आमच्याकडचं, मग बकरी ते खाते की नाही. पहिली ओळ दोनशे चौदा, दुसरी दोनशे एकसष्ट, मग एकशे अठ्ठ्याण्णव, तीनशे पाच, दोनशे एकोणचाळीस. माझ्या तिसाव्या दिवसाच्या मोजणीत चौकटीत सात जाती आल्या होत्या, इथे ढिगांत अकरा निघाल्या. मी आनंदानं जवळजवळ ओरडणार होते आणि तेवढ्यात सरांनी वहीवर पेन टेकवलं. "कुंजर कुठंय? तिसाव्या दिवशी सगळ्यांत जास्त कुंजर होतं या वाफ्यात. घोळही होती. ढिगात एकही नाही. अर्धवट मोजणी मला चालणार नाही." कुंजर कुठंय ते मला माहीत होतं. बिबड्या काढून दिल्यावरही फुगलेली ती पिशवी. खायची भाजी कुणी बांधावर वाळत टाकतं का?

मी फोन काढला आणि सवयीनं लिंबाच्या झाडाकडे चालायला लागले. "इथेच," सर म्हणाले. "स्पीकरवर. नोंद सगळ्यांसमोर होते." मी परत आले. घंटा वाजत राहिली, आणि प्रत्येक घंटेला मला वाटत होतं की ती बकरीला घेऊन निघून गेली. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखा, पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असा. "काय व माय, सकायमाच?" मी म्हणाले, "माय, काल तू मना वाफा निंदा का?" "निंदा ते! तीन घंटा हात जोडीसन बठी ऱ्हाऊ का?" सात जण ऐकत होते. सरांनी पुढे वाकून सांगितलं, "बाई, मी तिचा मास्तर बोलतोय. तो वाफा आम्ही मुद्दाम गवतात ठेवला होता. तुमच्यामुळे आमचा प्रयोग मोडला." मागे चूल फुंकल्याचा आवाज आला. मग माय म्हणाली, "सायेब, पोरना नावनी पाटी, आनि मांगे इतलं गवत! तुमले बरं दखास का?" पहिल्यांदा कुंदन फुटला, मग सगळेच. सरांनी चष्मा काढला. मी त्यांना हसताना बघितलं म्हणून शपथेवर सांगू शकते, ते हसले.

"माय, ती भाजी कोठे शे?" मी विचारलं. "कढईमा टाकी बी दिनी." आणि खरंच, मागे लसूण तडतडत होता. संपलं. मला तो वास धुळ्यात आला. अख्ख्या वाफ्याचा आकडा दोंडाईच्याच्या एका कढईत आक्रसत चालला होता आणि आठ जणांचं वर्ष त्याच्या वाफेबरोबर धाब्याच्या घराबाहेर जात होतं. आणि मग मला मायचे हात दिसले. भाजी निवडताना ती काय करते ते दिसलं. ती देठापाशी नखानं मूळ खुडते आणि सुपात टाकते, एकेक, कारण मुळाला माती असते आणि मातीची भाजी करकरते. "माय! मुया कोठे शेत?" "मुया? सूपमा शेत. बकरीले टाकसू आते." "नको टाकू! मोज!" "मुया मोजू? याड लागनं का तुले?" "मोज, माय. एक मूळ म्हणजे एक झाड. मना आकडा शे तो." ती एवढंच म्हणाली, "थांब, कढई उतारस." कढई उतरल्याचा आवाज आला, बकरीला हाकलल्याचा आला, सूप ओढल्याचा आला.

मग ती मोजायला लागली. माझी माय शाळेत गेलेली नाही, तिची मोजणी विसापर्यंत जाते आणि तिथे थांबते. वीस झाले की ती एक चिंचोका बाजूला ठेवते आणि परत एकपासून सुरू करते. एक, दोन, तीन. फोन मी दोन्ही हातांनी धरला होता. सगळे भोवती वाकले होते. एकोणीस, वीस, एक ईस. बांधावर वारा आला, वहीची पानं फडफडली, सरांनी ती तळहातानं दाबली. लहानपणी मी या आवाजावर झोपत असे, वाळत टाकलेल्या वड्या मोजणाऱ्या, जन्मलेली पिलं मोजणाऱ्या, माझ्या तापाचे दिवस मोजणाऱ्या. तो आवाज आता कॉलेजच्या शेतात उन्हात मोठ्यानं चालला होता आणि एक प्राध्यापक त्याच्यामागे लिहीत होता. मला इतकं भरून आलं की ते लपवायचाही विसर पडला. "कुंजर चार ईसा आनि तीन," ती म्हणाली. सरांनी लिहिलं, त्र्याऐंशी. "आते घोय. मोठ्या पाननी येगळी मोजू का बारीकसंगेच?" सर एकदम ताठ झाले. आमच्या तक्त्यात घोळीची ओळ एकच होती. "वेगळी," ते म्हणाले आणि पट्टीनं तक्त्यात आणखी एक ओळ आखली. मोठी दोन ईसा. बारीक एक ईस आणि आठ. "व्हयनं? आते टाकू बकरीले?" "टाका, बाई," सर म्हणाले. "तुमचे आभार आहेत."

एकूण तेराशे अडुसष्ट. चौदा जाती. चौरस मीटरला एकसष्ट. कुंदननं माझ्या आकड्याशी आपला ताडून टक्केवारी काढली, परत काढली आणि वर न बघता म्हणाला, "अंदाजाचा आकडा यापेक्षा कमी आला असता तर? माझी फवारणी उगाच नापास झाली असती." मग जरा वेळानं, "सारिका, ते टेम्पोचं… मी नीट बोललो नाही." मी म्हणाले, नाही बोललास. त्यापुढे आम्ही दोघांनी ताणलं नाही. सरांनी वाफ्याची पाटी बदलायला सांगितली, पंचेचाळिसाव्या दिवशी एकदा हाताने निंदणी, हीसुद्धा एक पद्धत आहे, पुढची मोजणी तिची होईल. निंबा नानांना ते एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी खुरपं देण्याआधी मला विचारा. मग त्यांनी वही माझ्यापुढे केली. शेवटचा रकाना, मोजणी कोणी केली. मी पेन घेतलं, आणि मायचं नाव लिहिलं, भिकुबाई.

साठाव्या दिवशी आम्ही परत त्या बांधावर होतो. वाफ्यात नवं तण आलं होतं, यायचंच, मातीत बी असतं. कुंजर होतं, दुधी होती, एक दोन ठिकाणी केनाही. कपाशीला पात्या लागल्या होत्या आणि ती माझ्या कमरेला आली होती. सरांनी चौकट तीनदा फेकली. मग चौकट माझ्या हातात दिली आणि स्वतः पाची ओळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालले, पानं बाजूला सारत, चष्मा नाकावर धरून. कुंदन पलीकडच्या बाजूनं शोधत होता, मातीत बोटं घालून. ते काय शोधताहेत ते मला माहीत होतं आणि सापडणार नाही हेही माहीत होतं, तरी मी चौकट छातीशी धरून त्यांच्या मागोमाग सरकत होते. बाकी सातही वाफ्यांत लव्हाळा परत हिरवागार आला होता, फवारलेल्यातसुद्धा. शेवटी सर कंबर धरून उभे राहिले. "एकही नाही," ते म्हणाले, आणि मग वर्गात वाक्य बोलून थांबतात तसे थांबले. "तो धडा काढा. हाताच्या निंदणीनं लव्हाळा जात नाही. त्याच्यापुढे लिहा, कोण निंदतंय त्यावर आहे." आठ वह्या उघडल्या. मी तिथेच, सगळ्यांच्या मधे, फोन लावला.

"माय, लव्हाळा परत उना नही," मी सांगितलं. ती कुठल्याशा वावरात होती, मागे बायांचं हसणं ऐकू येत होतं. "कसा ई परत?" ती म्हणाली. "गाठ काढेल शे मी." आणि फोन ठेवून दिला, तिला काम होतं. मी लव्हाळ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि ते चांगलं मोठं लिहिलं.